डिकीतला पाण्याचा डबा

बाबांच्या मारुती ८०० च्या डिकीत पाण्याने भरलेला पाच लिटरचा डबा कायम असतो. गाडी २००८ सालची आहे आणि ती दारात आली त्या दिवसापासून हा डबा तिच्यात आहे. बाबांनी उमेदीची वर्षे जीप आणि ट्रॅक्टरवर काढली. त्या गाड्यांचे इंजिनाचे पाणी थंड करणारे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. घाटात त्यांना उकळी फुटणे हा प्रवासाचाच भाग मानला जाई आणि गाडी कडेला घेऊन, थंड होऊ देऊन, जवळच्या विहिरीचे किंवा झऱ्याचे पाणी ओतून पुढे निघणे एवढेच चालकाचे काम असे. रेडिएटर गळलाच तर कारागीर त्याला डाख लावून देई आणि नळ्या चोंदल्या तर टाकी उघडून त्यांतून सळई फिरवून देई. तीच सवय बाबांनी या गाडीलाही लावली. दर रविवारी सकाळी बॉनेट उघडायचे, पातळी पाहायची आणि कमी भरेल तेवढे आमच्या बोअरचे पाणी घालायचे. गाडीची इतकी नियमाने काळजी घेणारी माणसे मी थोडीच पाहिली आहेत. मधल्या काळात रेडिएटरचा धातू बदलला होता, आणि ते मात्र घरात कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

मी साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवले. पाण्याचा कठीणपणा, धातूंचे गंजणे, अ‍ॅल्युमिनियमचे उभयधर्मी असणे हे सगळे मी फळ्यावर असंख्य वेळा लिहिले आहे. तरीही या गोष्टी आपल्या दारातल्या गाडीच्या पोटात रोज घडत आहेत, हे मला रेडिएटर फुटेपर्यंत सुचले नाही. त्याची रुखरुख आहे, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

गेल्या मे महिन्यात आम्ही पाचगणीला निघालो होतो. वाई मागे टाकून पसरणी घाट निम्मा चढलो असू, तोच पुढे वाहनांची रांग लागली. पहिल्या गिअरमध्ये थांबत थांबत चढताना तापमानाचा काटा मध्यावरून उठला आणि बघता बघता लाल पट्टीकडे सरकू लागला. एसी बंद केला, हीटर पूर्ण उघडला, काचा खाली घेतल्या आणि जागा मिळताच गाडी कडेला लावली. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचे गंजरोधक द्रव्य, उकळले की त्याला एक गोडसर वास येतो. इथे नुसती गरम लोखंडावर पाणी पडावे तशी वाफ होती. त्याचा अर्थ मला त्या वेळी लागला नाही.

बाबा डबा घेऊन झाकण उघडायला पुढे झाले तेव्हा त्यांना मी हात धरून थांबवले. या झाकणाचे काम नीट समजून घेण्यासारखे आहे. आमच्या गाडीच्या झाकणावर ०.९ हा आकडा आहे. म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलो इतका वाढेपर्यंत ते बंद राहते. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे आणि तिथे उघड्या भांड्यातले पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते. झाकणाने दाब धरला असेल तर तेच पाणी ११५ अंशांपर्यंत शांत राहू शकते. गाडीचा पंखा साधारण ९५ अंशांच्या पुढेमागे सुरू होतो. याचा अर्थ असा, की घाटमाथ्यावर ज्या गाडीचा दाब कुठल्याही कारणाने निसटतो, तिचे पाणी पंखा मदतीला येईपर्यंतच उकळू लागते. आणि ज्या गाडीने दाब अजून धरलेला आहे तिचे झाकण गरम असताना फिरवले, तर शंभर अंशांच्या वर असलेले पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येते. आम्ही पाऊण तास थांबलो. रेडिएटरच्या वरच्या नळीवर हात टेकवता येऊ लागला तेव्हाच झाकण उघडले.

मधल्या वेळात मागून आलेले एक टेम्पोचालक थांबले. त्यांनी पाहताक्षणी गळती ओळखली आणि स्वतःजवळच्या पुडीतून मूठभर हळद काढून रेडिएटरमध्ये टाकली. रस्त्यावरचा हा उपाय जुना आहे. हळदीची भुकटी पाण्यात फुगते, पाण्याच्या ओढीने भेगेपर्यंत जाते आणि तिथे बोळ्यासारखी बसते. त्या हळदीवर आम्ही घाट उतरून, वाटेत दोनदा थांबून, साताऱ्यापर्यंत आलो, आणि त्या गृहस्थांचे उपकार मी विसरणार नाही. मात्र हळदीला भेग आणि नळी यांतला फरक कळत नाही, हे पुढे दिसलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पूर्ण थंड असताना झाकण काढले तर आत विटकरी रंगाचे गढूळ पाणी होते. वरच्या नळीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या टाकीला केसासारखी भेग गेली होती आणि तिच्याभोवती पांढरी पुटे जमली होती. आजच्या बहुतेक रेडिएटरांचा गाभा अ‍ॅल्युमिनियमच्या चपट्या नळ्यांचा आणि त्यांमधल्या पातळ पत्र्याच्या जाळीचा असतो. दोन्ही टोकांच्या टाक्या काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या असतात आणि त्या रबरी पॅकिंग मध्ये घालून पत्र्याच्या दातांनी गाभ्यावर आवळलेल्या असतात. वर्षानुवर्षे गरम पाणी लागून हे नायलॉन तपकिरी आणि ठिसूळ होते. त्याला डाख लागत नाही, आणि चिकटवलेले फार टिकत नाही. तेव्हा रेडिएटर बदलण्याला पर्याय नव्हता.

त्याआधी इंजिनाला इजा झाली नाही ना, हे पाहणे आवश्यक होते. ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधी साय नव्हती, डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ होते, इंजिन चालू असताना रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत नव्हते आणि सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत नव्हती. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचे हेड यांमधले पातळ पॅकिंग, वाचले होते. ते गेले असते तर हे काम घरी करण्याचा विचार मी केला नसता.

आमच्या ओळखीचे एक फिटर म्हणाले, की रेडिएटर तासाभरात बदलून देतो, आणि जाता जाता थर्मोस्टॅटही काढून टाकतो, म्हणजे गाडी पुन्हा कधी तापणार नाही. या दोन्ही वाक्यांवर मी रात्रभर विचार केला. रेडिएटर तासाभरात बदलता येतो हे खरे आहे. पण इंजिनाच्या पोटात तोच गाळ ठेवून पुढे नवा रेडिएटर जोडला, तर त्याच्या नळ्या पहिल्या महिन्यातच चोंदू लागतील. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि ती मला पूर्णपणे चुकीची वाटते. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाची एक डबी. ठरावीक तापमानाला मेण वितळून फुगते, झडप ढकलते आणि पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी होते. तो नसला तर इंजिन कामाच्या तापमानाला पोचायला फार वेळ घेते, तोवर पेट्रोल जास्त जळते, ऑइल दाट राहते आणि सिलिंडरची झीज वाढते. चोंदलेल्या रेडिएटरचे दुखणे त्याने झाकले जाते, बरे होत नाही.

माझ्या बहिणीचा मुलगा आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम करतो. त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, ‘‘मावशी, तू पाण्याचं बघ, पाने माझ्याकडे.’’ आमची कामाची वाटणी तिथेच ठरली.

पाण्याचे मी पाहिले ते असे. आमच्या बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासले तेव्हा त्याचा कठीणपणा लिटरला ३४० मिलिग्रॅम भरला. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट घेऊन येते. गरम केले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट पुटाच्या रूपाने सगळ्यांत गरम पृष्ठभागावर बसते. सोलर हीटरच्या नळांवर आपण जे पांढरे दगडी थर पाहतो, तेच हे. एकदाच भरलेल्या साडेतीन लिटर पाण्यातून जेमतेम ग्रॅमभर पुट निघेल. पण बाबा दर आठवड्याला सरासरी पाव लिटर घालत आले, म्हणजे वर्षाला १३ लिटर आणि दहा वर्षांत १३० लिटर. वाफ होऊन जाणारे पाणी आपले क्षार मागेच ठेवून जाते. निम्मे गळून गेले असे धरले तरी वीस ग्रॅमांहून अधिक पुट आत राहिले असणार, आणि रेडिएटरच्या नळीची आतली फट असते दीड-दोन मिलिमीटर. शिवाय हे पुट अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने उष्णता सुमारे शंभरपट कमी वाहून नेते, त्यामुळे त्याचा पातळ थरही भारी पडतो.

दुसरी गोष्ट गंजाची. ८०० च्या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे आणि रेडिएटरही अ‍ॅल्युमिनियमचा. दोन वेगळे धातू आणि मध्ये क्षारयुक्त पाणी अशी रचना झाली की तो एक विद्युतघट होतो आणि त्यात अ‍ॅल्युमिनियमचा बळी जातो. पाण्यातले क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमवरचा संरक्षक ऑक्साइडचा पापुद्रा जागोजाग भेदते आणि प्रत्येक वेळी घातलेले ताजे पाणी लोखंडासाठी नवा ऑक्सिजन घेऊन येते. तो विटकरी रंग त्यातूनच आलेला होता. कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये हे थोपवून धरण्यासाठीच असतात. साताऱ्यात पाणी गोठण्याची भीती नाही म्हणून कूलंटची गरज नाही, असे पुष्कळ लोक मानतात. आमच्या घरीही तेच मानले जात होते. कंपनीत भरलेले कूलंट हळूहळू पातळ होत कधी संपले, ते कोणालाच कळले नाही.

बाबांना हे सांगण्यासाठी मी दोन चिनी मातीच्या बशा घेतल्या. एकीत बोअरचे पाणी आणि दुसरीत बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, दोन्ही सारखेच मोजून, आणि दोन्ही मंद आचेवर आटवल्या. पहिल्या बशीत पांढरे कडे उरले, दुसरी कोरडी आणि स्वच्छ निघाली. बाबांनी त्या कड्यावरून बोट फिरवले आणि बराच वेळ ते बोट पाहत राहिले. ‘‘हे मीच घातलं म्हणायचं,’’ ते म्हणाले. मी म्हटले, ‘‘बाबा, तुम्ही नेमाने पाणी बघितलंत म्हणून इंजिन अजून शाबूत आहे.’’ ते मनापासूनचे होते, कारण कोरडे राहिलेले इंजिन एका घाटात बसते.

शनिवारी सकाळी काम सुरू केले. अंगणात गाडीचे तोंड चढाकडे राहील अशी ती लावली, चाकांमागे दगड लावले आणि बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढले. पंखा बोटांजवळ अचानक फिरू नये म्हणून हे आवश्यक आहे. जुना रेडिएटर मात्र आम्ही त्या दिवशी काढला नाही. इंजिन धुताना जी घाण सुटणार ती कोठून तरी जाणारच. ती टाकून द्यायच्या रेडिएटरमधून गेलेली बरी, अशी माझी कल्पना होती, आणि भाच्यालाही ती पटली. भेग असली तरी झाकण घट्ट न लावता, दाब न धरता इंजिन चालवण्यापुरता तो पुरेसा होता.

खालचा बोल्ट सोडून पाणी काढले आणि मोजले: सव्वादोन लिटरांहून थोडे अधिक. पूर्ण यंत्रणेत साडेतीन लिटर मावते, म्हणजे प्रत्येक वेळी सुमारे एक तृतीयांश पाणी ब्लॉकमध्येच राहते. ब्लॉकला स्वतःचा ड्रेन बोल्ट होता, पण तो गंजून बसला होता आणि त्याच्यावर जोर करून तो तोडण्यात शहाणपण नव्हते. त्यापेक्षा अवक्षेप, म्हणजे द्रावणातून तळाशी बसलेला साका, धुण्याचा प्रयोगशाळेतला नियम वापरला: एकदा भरपूर पाण्याने धुण्यापेक्षा थोड्या थोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुणे अधिक गुणकारी. पहिल्या धुण्यानंतर जुन्याचा एक तृतीयांश उरतो, दुसऱ्यानंतर एक नवमांश, तिसऱ्यानंतर सत्ताविसावा भाग आणि चौथ्यानंतर एक्याऐंशीवा. थर्मोस्टॅट काढून त्याचे घर पुन्हा बंद केले, म्हणजे पाणी सगळीकडे फिरेल; आणि हीटरची मूठ पूर्ण गरमकडे ठेवली, कारण डॅशबोर्डमागचा छोटा हीटर हाही एक रेडिएटरच असतो आणि मूठ बंद असेल तर त्यातले जुने पाणी तसेच राहते. प्रत्येक वेळी बॅटरी जोडून इंजिन चालवायचे, मग बंद करून थंड होऊ द्यायचे, मगच पाणी सोडायचे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो, म्हणून या वाट पाहण्यात कसूर करता येत नाही. दिवस त्यातच जातो.

पहिले धुणे साध्या पाण्याचे. दुसऱ्यात लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड घातले, लिटरला २५ ग्रॅम या मानाने. ते कॅल्शियमचे पुट विरघळवते आणि लोखंडाच्या गंजालाही धरून पाण्यात आणते. पाण्यात घातल्यावर वीस मिनिटे इंजिन मंद चालवले, काट्यावर लक्ष ठेवले आणि पुरेसे थंड होताच ते सोडून दिले. इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. बाथरूम धुण्याचे अ‍ॅसिड, धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक यांतले काहीही रेडिएटरमध्ये घालू नये. अ‍ॅल्युमिनियम हा उभयधर्मी धातू आहे, तीव्र आम्लात विरघळतो तसाच अल्कलीतही विरघळतो, आणि रेडिएटरच्या नळीचा पत्रा एका मिलिमीटरच्या अर्ध्याहूनही पातळ असतो. लिंबूसत्वसुद्धा रात्रभर आत ठेवण्याची वस्तू नाही.

जे बाहेर आले ते पाहून भाचा गप्पच झाला. गडद विटकरी पाणी, त्यात पापुद्रे, आणि तळाशी हळदीचा पिवळट चिखल. नंतरची तीन धुणी नळाच्या पाण्याने आणि शेवटचे डिस्टिल्ड पाण्याने केले. शेवटच्या पाण्यात पीएच पट्टी बुडवली तेव्हा ती सातच्या जवळ आली, म्हणजे आम्ल उरले नव्हते, आणि पाणी काचेच्या ग्लासात धरले तर पलीकडचे तुळशीवृंदावन स्पष्ट दिसत होते. तोवर संध्याकाळचे सहा वाजले होते.

त्या अवधीत मी थर्मोस्टॅटची परीक्षा घेतली. नव्या थर्मोस्टॅटवर ८२ हा आकडा कोरलेला होता. पातेल्यात पाणी घेऊन, त्यात तो दोऱ्याने टांगून आणि शेजारी तापमापी धरून गरम केले. ८२ ला फट दिसू लागली आणि पाणी उकळू लागेपर्यंत झडप पूर्ण उघडली. जुना थर्मोस्टॅट ९० पर्यंत हललाच नाही आणि नंतरही अर्धाच उघडला. घाटातल्या तापण्यात त्याचाही वाटा होता. नवा भागसुद्धा बसवण्याआधी असा पाहून घ्यावा. पंधरा मिनिटे लागतात.

नवा रेडिएटर साताऱ्यात मिळाला नव्हता. शनिवारच्या आधीच भाचा जुन्याची मापे आणि छायाचित्रे घेऊन पुण्यात नाना पेठेत जाऊन आला होता. एसी असलेल्या आणि नसलेल्या ८०० च्या रेडिएटरमध्ये फरक असतो हे त्याला तिथे कळले. नळ्यांच्या तोंडांचा व्यास, पंख्याच्या बोल्टांची भोके, गाभ्याची जाडी आणि खालच्या खुंट्या यांचा मेळ बसल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सोबत दोन्ही होज पाइप, क्लिपा, नवे झाकण आणि थर्मोस्टॅटचे पॅकिंग आणले. झाकणाची स्प्रिंग पंधरा वर्षांत थकते आणि दाब धरण्याचे काम तिचेच असते, तेव्हा त्या थोड्या पैशांत हात आखडता घेऊ नये.

रविवारी रेडिएटर बदलण्याचे काम खरोखरच दीड तासात झाले, म्हणून त्याविषयी थोडक्यात लिहिते. पंख्याची वायर सोडली, नळ्या ओढण्याऐवजी पिळून मोकळ्या केल्या, आणि जी नळी तरीही सुटली नाही ती ब्लेडने उभी चिरून काढली. पंखा त्याच्या आवरणासकट निघाला, मग वरचे बोल्ट काढून रेडिएटर सरळ वर उचलला. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीतला वायू थंड करणारी रेडिएटरसारखीच जाळी, समोरच असतो. त्याच्या नळ्या उघडायच्या नसतात, पण त्याची जाळी हाताच्या धक्क्यानेही वाकते, म्हणून मध्ये पुठ्ठा सरकवून ठेवला. कंडेन्सरच्या जाळीत माती, पाचोळा आणि मेलेले किडे यांचा थर होता. तो मऊ ब्रशने आणि आतल्या बाजूने सोडलेल्या पाण्याच्या हलक्या धारेने धुतला. हवाच आत आली नाही तर नवा रेडिएटर तरी काय करणार? जुन्या रेडिएटरच्या खालच्या खुंट्यांचे रबरी बुश नव्याला लावले, त्याच्या नळ्यांत कारखान्यातल्या जोडकामाची पूड राहिलेली असू शकते म्हणून त्याला आतून डिस्टिल्ड पाण्याने दोनदा विसळले आणि जागेवर बसवले. नवा थर्मोस्टॅट बसवताना त्याच्या कडेचे हवेचे बारीक छिद्र वरच्या बाजूला ठेवले. क्लिपा आवळताना भाच्याला दोनदा टोकावे लागले. तोंड प्लास्टिकचे आहे आणि जास्त आवळले तर नवीकोरी टाकी पहिल्याच दिवशी तडकते.

आता भरण्याचा हिशेब. कूलंट घेताना रंगावर विश्वास ठेवू नये. हिरवा, लाल, निळा हे रंग कंपन्यांनी आपापल्या सोयीने दिलेले असतात आणि त्यांवरून आतली द्रव्ये ओळखता येत नाहीत. डब्यावर आयएस ५७५९ (भारतीय) किंवा जेआयएस के २२३४ (जपानी) असे मानकाचे नाव आहे का आणि गाडीच्या पुस्तिकेत काय सांगितले आहे, हे पाहावे; दोन प्रकार एकमेकांत मिसळू नयेत. आम्ही दाट कूलंट घेतले, पाणी मिसळलेले तयार नाही, आणि त्यामागे कारण होते. धुतल्यानंतर ब्लॉकमध्ये सव्वा लिटरच्या आसपास डिस्टिल्ड पाणी उरलेलेच असते. त्यावर निम्मे-निम्मे मिसळलेले तयार कूलंट घातले तर अखेरीस प्रमाण तिसऱ्या हिश्शाच्याही खाली येते. मला ४० टक्के हवे होते. साडेतीन लिटरांचे ४० टक्के म्हणजे १.४ लिटर. तेवढे दाट कूलंट आधी घातले आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरली. आमच्या हवेला ३० टक्केही चालते. प्रमाण उगाच वाढवण्यात मात्र लाभ नाही, कारण कूलंटमधला मुख्य घटक ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही; त्याने उत्कलनबिंदू वाढतो, गंज थांबवतात ती सोबतची गंजरोधक द्रव्ये, आणि थंड करण्याचे खरे काम पाणीच करते.

भरण्याची घाई केली तर सगळे श्रम वाया जातात, कारण आत हवा अडकते. हेडमध्ये हवेचा फुगा राहिला की तिथला धातू तापत राहतो आणि काटा मात्र कधी शांत, कधी एकदम वर, असा खेळ चालतो. गाडीचे तोंड चढाकडे ठेवले होते ते यासाठी. रेडिएटरचे तोंड सगळ्यांत उंच असले की हवेला तिथूनच बाहेर यावे लागते. बारीक धारेने भरत, मधून मधून नळ्या हाताने दाबत, बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहिली. मग झाकण न लावता इंजिन सुरू केले, हीटर गरमवर ठेवला. दहाएक मिनिटांनी वरची नळी एकाएकी गरम झाली, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. त्याच क्षणी पातळी एकदम खाली गेली आणि मोठे बुडबुडे आले. पुन्हा भरले, झाकण लावले, पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबलो. रात्रभर थंड झाल्यावर सकाळी रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीतली पातळी उतरली होती, तेवढी मिश्रणाने भरून घेतली. हे आणखी दोन सकाळी केले. तिसऱ्या दिवशी पातळी हलली नाही.

काढलेल्या पाण्याविषयीही लिहायला हवे. आमच्या पहिल्या पाण्यात कूलंट नावापुरतेच असले तरी ते गटारात सोडले नाही. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, त्यामुळे कुत्री-मांजरे ते चाटतात, आणि लहान मुलांनाही त्याचा मोह होऊ शकतो. शरीरात त्याचे ऑक्झॅलिक अ‍ॅसिड होते, ते रक्तातल्या कॅल्शियमशी जोडले जाते आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. भरताना जे चार थेंब फरशीवर सांडले, ते फडक्याने टिपून जागा साबणाने धुतली. पहिल्या दोन धुण्यांचे पाणी कॅनमध्ये भरून, वापरलेले ऑइल आणि कूलंट रीतसर उचलून नेण्याची सोय असलेल्या एका वर्कशॉपमध्ये विचारून दिले.

जुना रेडिएटर भंगारात देण्याआधी भाच्याने तो करवतीने मधोमध कापला. सगळ्यात खालच्या नळ्यांपैकी एकीतूनही उजेड दिसत नव्हता. त्यांच्या तोंडाशी लिंबूसत्वालाही न जुमानलेला पांढरा थर होता आणि त्यावर पिवळा, रबरासारखा चिवट झालेला हळदीचा बोळा. वरच्या निम्म्या नळ्या मोकळ्या होत्या. सपाट रस्त्यावर गाडी इतकी वर्षे का तापली नाही, याचे उत्तर त्यात होते. सपाटीवर अर्धा रेडिएटर पुरतो, घाटात पुरत नाही. बाबा तो तुकडा हातात घेऊन उन्हाकडे धरून एकेका नळीतून पाहत होते.

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा पसरणी घाट चढलो. या वेळी रांग नव्हती, म्हणून हा मे महिन्यासारखा कस म्हणता येणार नाही, पण काटा मध्याच्या वर गेला नाही आणि पाचगणीला थांबल्यावर पंखा एकदा फिरून बंद झाला. कूलंट भरल्याची तारीख मी बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. डब्यावर मुदत अधिक लिहिलेली असली तरी दोन वर्षांनी ते बदलायचे ठरवले आहे, कारण ब्लॉकमधला जुना गंज अजून थोडाफार सुटत राहील. डिकीतला डबा अजून तिथेच आहे. बाबांनी तो रिकामा करून वाळवला, त्यात माझ्याकडून ४० टक्क्यांचे मिश्रण भरून घेतले आणि स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी लिहून त्यावर चिकटवली: ‘फक्त गाडीसाठी. पिण्याचे पाणी नाही.’